समईच्या उजेडात अडलेलं शून्य

गुरुवार, मार्गशीर्षातला पहिला

लक्ष्मी मांडलेली आणि समई शांत! असं आपल्या घरात कधी झालंय का?

चाकणच्या कंपनीला आज सुट्टी, म्हणून नात रेवा लेसर चालवायचं सर्किटचं कार्ड थेरगावला घरीच घेऊन बसली. त्यात मोहरीएवढा डोळा असतो, फोटोडायोड म्हणे. लेसरचा उजेड पडला की त्यातून करंट येतो, तो कार्डानं बरोबर मोजायला पाहिजे. अंधारात शून्य, आणि उजेडात शेजारी ठेवलेल्या मोठ्या मीटरवर येईल तेवढाच. उद्या गिऱ्हाईक येणार. आकडे जुळले नाहीत तर काम दुसऱ्याकडे, असं साहेबांनी सुनावलंय. उपास माझा, पण सकाळपासून जेवली नाही ती.

शून्य काही येईना. ट्यूब घालवली, पडदे ओढले. तरी नाही. मग तिनं समईकडे बघितलं.

"आजी, थोडाच वेळ."

"अगं, दिवेलागणीला? लक्ष्मी दारात हाय!"

"मग तिला सांग ना, नातीची नोकरी अडलीय."

शेवटी मीच फूल टेकवून समई शांत केली. अंधारात बसून म्हणत होते, बाई, परत फिरू नकोस, पोरीचं होऊ दे. समई शांत केली हे चुकलं का...

"शून्य!" रेवा ओरडली. मग लेसर लावला, कार्डावरचा पेच इवलासा फिरवला. कार्डावर आणि मीटरवर एकच आकडा!

लेसर बंद झाला तशी मी धावत जाऊन एक वात लावली. कार्डावरचं शून्य हललं.

"आजी, तुझी समई दिसली गं त्याला!"

मग काय, उरलेल्या चारही वाती लावल्या. एकेक वात पेटली की रेवा वाढलेला आकडा मोठ्यानं वाचायची, आणि मी लक्ष्मीकडे बघून हसत होते.