‘बाहेरची केस’ या शब्दांचा खुलासा घरी येऊन करणेबाबत

दिनांक : ८ जानेवारी २०२५

प्रति,
मा. हिवताप अधिकारी,
पालघर.

अर्जदार : श्रीमती प्रतीक्षा जितेश राऊत, रा. घिवली.
विषय : वरीलप्रमाणे.
संदर्भ : आपल्या कर्मचाऱ्यांची आमच्या घरी भेट.

महोदय,

अर्जदाराचे पती जितेश हे मोझांबिक देशात फिटर होते. सुट्टीवर घरी आले आणि गणपतीच्या तोंडावर त्यांना थंडी वाजून ताप भरला. गोळ्यांनी उतरला, पुन्हा भरला. मग डोळे पिवळे झाले, माणसे ओळखेनात, आणि ते कोणालाच न कळणाऱ्या भाषेत बोलू लागले. सासूबाई गोजराबाई यांनी तत्काळ निदान केले, “तारापूरच्या किल्ल्यावरचा फिरंगी लागला. बाहेरची बाधा हाय.” अर्जदाराने बोलावलेली रिक्षा अंगणातूनच परत गेली आणि भगत आला.

पती “आग्वा, आग्वा” म्हणत होते. फिरंग्याला आग हवी, असा अर्थ लावून सदर भगताने खाटेशी धुनी पेटवली व रुग्णास पाणी वर्ज्य केले. बोईसरच्या दवाखान्यात नेईपर्यंत लघवी बंद झाली होती. हिवताप मेंदूत गेला होता. मूत्रपिंडे गेली, पाठोपाठ तेही गेले.

पुढे आपले कर्मचारी घरोघरी रक्त तपासून गेले. जाताना धीर द्यावा म्हणून दारात म्हणाले, “घाबरू नका, गावात मलेरिया नाय. ही केस बाहेरची हाय.” त्यांची काही चूक नाही; त्यांना परदेशातून आलेला ताप म्हणायचे होते. सासूबाई मात्र ताडकन उठल्या. “ऐकलंस? सरकारचा माणूस पण तेच बोलला. आमी वेगळं काय बोलत होतो?” तेव्हापासून फिरंगी सरकारमान्य झाला आहे. अर्जदाराचे कोण ऐकणार?

आता धाकटे दीर नीलेश मोझांबिकमधल्या त्याच कामावरून परत येत आहेत. सासूबाईंनी भगताला आधीच सांगून ठेवले असून धुनीची लाकडे पडवीत रचली आहेत. मुलावर त्यांचा फार जीव आहे, आणि अर्जदारास भीती त्याचीच वाटते.

तरी त्याच कर्मचाऱ्यास पुन्हा पाठवून, “बाहेरची” म्हणजे मोझांबिकची, हे त्याच्याच तोंडून सासूबाईंना सांगावे. दिरांना नुसती कणकण आली तरी आधी रक्त तपासावे.

एक गोष्ट मात्र सांगू नये. नीलेशने फोनवर सांगितले की, तिकडच्या भाषेत आग्वा म्हणजे पाणी. हंडा भरताना अर्जदारास अजून तो आवाज ऐकू येतो. अर्जदार ते सोसेल. सासूबाईंच्या कानावर ते जाऊ नये, कारण धुनी त्यांनी स्वतः फुंकली होती.

पत्राची नव्हे, आपल्या माणसाची वाट पाहणारी,
नम्र अर्जदार
(सही) प्रतीक्षा जितेश राऊत