कायमचं म्हणजे किती वर्षं

स्टेट कॉलेज, पेनसिल्व्हेनिया
सप्टेंबरातला दुसरा रविवार

आदरणीय गिरजाआत्या,

प्रफुल्लचा, हर्षिताचा आणि प्रीताचा तुला मनापासून जय भीम. (प्रीताने तो वरच्या खोलीतून "टेल हर हाय" असा पाठवला आहे, भाषांतर माझं.) ऑपरेशन झालेल्या डोळ्याला आता कसं दिसतं, रात्री झोप लागते का, आणि शेजाऱ्यांची शेळी अजून आपल्याच ओट्यावर मुक्कामाला असते का, ते सविस्तर कळव. फोनवर तू सगळ्यालाच "बरं आहे" म्हणतेस. शिवाय जे सांगायचं आहे ते फोनवर सांगितलं असतं तर दुसऱ्याच वाक्याला तू मला मूर्ख म्हणाली असतीस, आणि गोष्ट तिथेच संपली असती. म्हणून हे पत्र.

तर बातमी अशी की आपण वावर घेतलं. सव्वीस एकर. चष्मा पुसू नकोस, बरोबर वाचलंस. आजोबांच्या आजोबांपासून आपल्या घरात कोणाच्या नावावर धुऱ्याएवढी जमीन नव्हती, ती पहिल्यांदा झाली, आणि झाली ती भिवापूरपासून अर्धी पृथ्वी ओलांडून. आता अभिमान वाटायच्या आधी हेही ऐकून घे, की सुरुवातीला माझा शेती करायचा विचार अजिबात नव्हता.

झालं असं की मार्चमध्ये मी एक जाहिरात पाहिली. आमच्यापासून चाळीस मिनिटांवर सव्वीस एकर, तळं, जुनं घर, लाल कोठार, आणि किंमत इतकी कमी की छापताना चूक झाली असावी असं वाटलं. नागपूरचा माणूस मोकळी जमीन पाहिली की काय करतो हे तुला माहीत आहे. मी लगेच मनातल्या मनात लेआउट पाडला. सहा प्लॉट, पाच मित्रांना, एक आपल्याला फुकटात. संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपवर ग्रुपही झाला, आणि रात्रीच्या आत त्यात भांडणही झालं, कारण तळ्यासमोरचा प्लॉट पुण्याच्या सिद्धेशलाही हवा होता आणि नीलांबरीलाही. (जमीन अजून कोणी पाहिलेली नव्हती. हर्षिता हे म्हणाली होती. पण ती बरोबर बोलते तेव्हा नेमकं आमचं जेवण चाललेलं असतं.)

मी काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, कचेरीत गेलो. तिथल्या बाईंनी नकाशा काढला, आपल्या जमिनीवर हिरवा रंग होता. त्या म्हणाल्या की या जमिनीच्या मालकांनी वीस वर्षांपूर्वी घरं बांधायचा हक्क सरकारला विकून टाकला आहे. जमीन त्यांची, पीक त्यांचं, पण तिचे तुकडे करायचे नाहीत, नवं घर बांधायचं नाही. जो कोणी विकत घेईल त्यालाही हेच बंधन. गावांभोवतीची शेती बिल्डरांच्या घशात जाऊ नये म्हणून इथे अशी योजना आहे. मी विचारलं, हे बंधन कधी संपतं?

"संपत नाही. कायमचं आहे."

"म्हणजे नव्व्याण्णव वर्षं?"

"कायमचं," त्या म्हणाल्या.

मी आणखी दोनतीन तऱ्हांनी विचारलं. एखादा अर्ज, एखादं कलम, दंड भरून काही. बाई फार सभ्य होत्या. शेवटी त्यांनी मला पेपरमिंटची गोळी दिली. घरी येऊन मी ग्रुपवर कळवलं, आणि पाच कुटुंबं पंधरा मिनिटांत ग्रुप सोडून गेली. तळ्यासाठी भांडलेले दोघं सगळ्यात आधी.

मीही नाद सोडला होता. पण हर्षिता भांडी लावता लावता म्हणाली, "स्वस्त का आहे ते आता कळलं ना? ज्याला घरं बांधायचीत तो फिरकणार नाही. मग उरलं कोण? ज्याला शेती करायचीय तो. आणि आपण." मी म्हटलं, आपल्याला कुठे शेती करायचीय. ती म्हणाली, "तुमच्या आत्याने जन्मभर केली. एकदा तरी ती स्वतःच्या वावरात व्हायला नको का?" मी भांडी पुसायला घेतली.

जमिनीची मालकीण रूथबाई. वय एक्क्याऐंशी, मूलबाळ नाही, नवरा गेल्यापासून एकटी. बंधनाचा कागद नवऱ्याने आणि तिने मिळून केला होता. तिचा एक पुतण्या आहे, डग, घरांच्या खरेदीविक्रीतला. त्याने आपलं गिऱ्हाईक आणलं होतं, शहरातले एक घोडेवाले गृहस्थ. नवं घर बांधता येत नाही, पण जुनं पाडून त्याच जागी मोठं उभारता येतं, असा डगने कागद वाचून शोध लावला होता. म्हणजे मधोमध महाल, सभोवती सव्वीस एकर हिरवळ, आणि शोभेला दोन घोडे. त्यांनी आमच्याहून बरीच जास्त रक्कमही बोलली होती. डगच्या मते विषय संपला होता.

रूथबाईच्या मते नव्हता. तिने दोघांनाही जूनमधल्या एका शनिवारी बोलावलं. म्हणाली, कागदात लिहिलंय की इथे शेती व्हावी, आणि गवत कापणं म्हणजे शेती नव्हे. माझ्या कांद्यात तण माजलंय. एकेक वाफा घ्या आणि बसा.

समोर कांद्याचे दोन लांब वाफे, आणि रूथबाई घडीची खुर्ची टाकून बसलेली. गृहस्थ पांढरे बूट घालून आले होते. त्यांनी आधी कमरेत वाकून पाहिलं, मग एक गुडघा टेकून, मग दोन्ही. मग ते वाफ्याशेजारी आडवे झाले आणि डगने त्यांना उठवलं. या देशातल्या माणसांना उकिडवं बसताच येत नाही गं. तळपाय जमिनीला टेकवून बसायचं म्हटलं की मागे कोलमडतात. (इथे त्याचे पैसे घेऊन वर्ग चालतात, खोटं सांगत नाही.) मी मात्र बसलो तो बसलोच. सुट्टीत तुझ्यामागे पाटलाच्या मिरचीत निंदायला यायचो, तू पुढे आणि मी दोन हात मागे, तसाच. डावा हात पात मोकळी करतो, उजवा मुळाशी जातो. सव्वीस वर्षं मी हे केलेलं नव्हतं. हात विसरले नव्हते. अडीच तासांत वाफा स्वच्छ झाला, एकही कांदा हलला नाही. प्रीता कुंपणावर बसून बघत होती. ती घरी कधी माझ्याकडे बघत नाही, म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

रूथबाई उठून वाफ्याच्या कडेने चालत आली. विचारलं, "हे कोणी शिकवलं?"

"माझ्या आत्याने. चाळीस वर्षं शेतात काम केलं तिने."

"तिची किती एकर आहे?"

"काहीच नाही. सगळी दुसऱ्यांची होती."

तिने वाकून एका कांद्याची पात हलवून पाहिली. मग पुतण्याला म्हणाली, "डग, यांना गाडीपर्यंत सोडून ये." त्याला वाटलं मला. तो माझ्याकडे यायला लागला तेव्हा तिने हाताने घोडेवाल्यांकडे दाखवलं.

ऑगस्टमध्ये खरेदीखत झालं. काउंटीच्या त्याच बाईंनी कागद पुढे सरकवले आणि शेवटचं पान वाचून दाखवलं, की हे बंधन या जमिनीवर कायमचं राहील. या वेळी मी काही विचारलं नाही. किती बरं वाटलं म्हणून सांगू. ज्यांना जमीन होती त्यांनी आपल्या लोकांना कायमचं म्हणून जे जे सांगितलं ते कधी चांगलं नव्हतं. हे चांगलं होतं, आणि ते आपल्या नावासकट लिहिलेलं होतं. सही मी सावकाश, पूर्ण नावाने केली. हर्षिताने झटक्यात केली. व्यवसायाच्या रकान्यात तिने मला न विचारता दोघांसाठी "शेतकरी" लिहून टाकलं. डगनेही येऊन हात मिळवला, आणि गवत कापायचं यंत्र हवं असेल तर स्वस्तात देतो म्हणाला. माणूस वाईट नाही, धंदा आहे.

तर आता आपण बागायतदार आहोत. तब्येतीला जप, डोळ्याला धूर लागू देऊ नकोस.

तुझा,
प्रफुल्ल

ता.क. हे पत्र मी पालथा पडून लिहिलं आहे. परवापासून कंबर धरली आहे. अक्षर म्हणून असं आहे.

ता.क. २. कंबर धरायचं कारण असं, की उत्साहाच्या भरात मी कोठारामागचा एक लांब पट्टा निंदून काढला. कमरेएवढं, बडीशेपेसारखं झिपरं तण होतं, मुळं फार खोल, दोन दिवस लागले. रूथबाई शनिवारी आली तेव्हा अभिमानाने दाखवलं. ते अस्परॅगस होतं. कोवळे कोंब खायची भाजी, तिच्या नवऱ्याने लावलेली, एकदा लावली की वीस वर्षं दर वसंतात येणारी. तिने खुर्चीची घडी घातली आणि परत उघडली. मग म्हणाली, "तुझी आत्या इथे कधी येणार?"

ता.क. ३. तेव्हा पत्राचं मूळ कारण. आत्या, मला कांदा सोडून काहीही ओळखता येत नाही. पुढच्या एप्रिलमध्ये ये. पासपोर्टचा अर्ज सोबत जोडला आहे, खुणा केल्यात तिथे सह्या कर. कामाला हात लावायचा नाही, तुझ्या व्हिसावर ते चालणारही नाही. तू रूथबाईच्या शेजारी दुसऱ्या खुर्चीवर बसायचं. मी वाफ्यात असेन, आणि चुकलो की तू मूर्खा म्हणायचं. दुसऱ्याच्या वावरात परत पाऊल टाकणार नाही असं तू म्हणाली होतीस. हे दुसऱ्याचं नाही.

ता.क. ४. रस्त्यावर पाटी लावली आहे, "गिरजा फार्म". इथले लोक ती "जॉर्जिया फार्म" अशी वाचतात. जॉर्जिया हे इथलं पीच नावाच्या फळांसाठी प्रसिद्ध राज्य. रोज दोनतीन गाड्या थांबतात आणि पीच मागतात. हर्षिता त्यांना कांदे देते आणि सांगते की गिरजा हे एका बाईचं नाव आहे, एप्रिलमध्ये येणार आहे. सहा जणांनी तारीख लिहून घेतली आहे.