माझ्या फोनवरची नऊ घरं

१८ डिसेंबर २००६, सोमवार. स. ११.४०
महाडच्या पुनर्वसन कचेरीत कॉम्प्युटरवाल्या बाबूने भागीला सांगितलं, "तुमच्या कुटुंबाला घर मंजूर झालंय की. दुसरं कसं मिळेल?" भागी माझ्याकडे बघते, मी पडद्याकडे. डोंगरातल्या हिच्या वाडीवर दरड आल्यापासून ही बिरवाडीजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये. नवरा, सासू, दोन मुली, वाचलेल्या शेळ्या. मग मंजूर घर कुणाचं?

१९ डिसें.
उलगडा झाला. निम्माच. वाडीतल्या नऊही घरांनी अर्जात माझाच फोन नंबर दिला होता. देणारच. माझा फोन वर्षानुवर्षं त्यांचा पीपी, निरोपाचा नंबर. मुंबईहून भाऊ-दीर फोन करणार, मी पोलादपूरहून दूधवाल्याबरोबर वर निरोप धाडणार. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म गेला, त्यात मला काही वावगं वाटलं नाही. पण कॉम्प्युटरला एक नंबर म्हणजे एक कुटुंब. यादीत पहिलं नाव वाडीतल्याच रामजीचं, ते ठेवलं. बाकी आठ पुसली.
मी बाबूला विचारलं, "मग कुटुंबप्रमुख मीच ना?"
"मॅडम, चेष्टा नको."
चेष्टा कोण करतंय?

२१ डिसें.
बाबूचा तोडगा: प्रत्येकाने आपापला मोबाइल घ्यावा. शेडमध्ये वीज नाही. चार्जर काय शेळीच्या शिंगाला लावायचा?
भागी म्हणाली, "बाय, घ्येतला तरी त्यातलं वाचनार कोन?"
रामजी भला माणूस. "माज्याच घरात ऱ्हावा सगली."
भागी फणकारली, "आदी बायकोला इचार रे! तुलाच घ्येते का बघ."
सगळे हसले. मलाही हसू आलं, मग रागही.

२६ डिसें., मंगळ.
फोन. कचेरीतून. "शुक्रवारपर्यंत चावी न्या, नाहीतर घर रद्द."
"कुणी न्यायची?"
"ह्या नंबरच्या कुटुंबाने." ठेवलाच.
रामजीने चावी घेतली की कागदावर वाडीचं पुनर्वसन पूर्ण, बाकीच्यांचं तोंड बंद. न घेतली तर हेही घर जाणार. काय सांगू? इतकी वर्षं लोकांचे निरोप पोचवले. हा कुणाला द्यायचा तेच कळत नाही.

२७ डिसें.
रामजी सकाळपासून माझ्या पायरीवर. "जाऊ का नको, बाय?" भागी त्याच्या मागे, पदर दातांत धरून. तिच्याकडे बघवेना. थांब म्हटलं. बरोबर केलं की चूक, कोण जाणे.
अर्ज इंग्रजीत लिहिला. मराठीला तिथे कुणी भीत नाही. शेवट मात्र मराठीतच उतरला:
ह्या नंबरवर एक कुटुंब की नऊ, ते सहीशिक्क्यानिशी लेखी कळवावे. मुदत उद्या, गुरुवार ता. २८, सायंकाळी पाच. फोन करू नये.