वॉरंटी वाढवायची का?

नेपरव्हिल
१६ नोव्हेंबर २०२५

ती. वन्सं यांना सुलेखाचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा काय म्हणतोय? तुमची सून शिवांगी म्हणाली, अजून रोज दुकानाच्या पायऱ्या चढता म्हणे. आता तिलाच बसू द्या की गल्ल्यावर. पण माझ्या सांगण्याने तुम्ही ऐकणार थोड्याच.

इथे बर्फ सुरू झाला. दिवाळी यंदा नव्हतीच, तरी शेजारची नेत्रा चकल्या देऊन गेली. खाल्ल्या मी. रडत रडत खाल्ल्या, खोटं कशाला सांगू.

एक सल्ला हवाय. अण्णांच्या मागे लेक असून कराडचं दुकान तुम्ही चालवलंत, कुकरची गॅरंटी कार्डं फाडून देण्यात जन्म गेला तुमचा, यातलं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. राजीवने घराची होम वॉरंटी घेतली होती, ती या महिनाअखेर संपतेय. म्हणजे वर्षभराचा करार. घरातलं काहीही वापरून वापरून बंद पडलं, मग तो फ्रिज असो, नळ असो की घर गरम ठेवणारी फर्नेस, कंपनीवाले माणूस पाठवून दुरुस्त करून देतात. दुसरा मार्ग अप्लायन्स इन्शुरन्सचा. तो स्वस्त पडतो, पण त्यात फक्त यंत्रं येतात, फ्रिज, डिशवॉशर, वॉशिंग मशीन. पाइपांशी नि फर्नेसशी त्यांचं काही देणंघेणं नाही.

एकट्या बाईला एवढं घर कशाला, असं सगळेच आडून सुचवतात. विकायचं असेल तर इन्शुरन्स पुरे, राहायचं असेल तर वॉरंटी. फ्रिजच्या निमित्ताने मला हे ठरवावं लागतंय. वॉरंटीवाल्या मुलीने फोनवर बजावलं, आधीपासून बिघडलेलं काही असेल तर ते यात धरत नाहीत. मी म्हटलं, बाई गं, मग माझ्याकडे राहिलंच काय. मराठीतच म्हटलं, तिला काय कळणार.

तर मी आन्याला मेसेज केला. लेकीला नाही विचारायचं तर कोणाला? नेहमीसारखं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं, वॉरंटी वाढवायची का? वन्सं, राजीव गेल्यापासून ती माझ्याशी कामापुरतंसुद्धा धड बोलत नाही. फ्रीमाँटला तिला ऑफिसचं काम फार आहे, असं मी तुम्हाला सांगत आले. थापा मारल्या. या मेसेजवर मात्र तिचा लगेच फोन आला. मी अशी खूश झाले. "बोल गं" म्हटलं, तर म्हणाली, "व्हिच वन, आई? सगळ्यांचं वाढव, की तुझं वाढव?"

आणि ठेवला फोन.

आता सांगतेच. तुम्हाला आठवतंय ना, लग्न होऊन कराडला आले तेव्हा अण्णा एका संध्याकाळी मला म्हणाले, "राजूला सांगा, दुकान वाढवा." मी नागपूरच्या रेल्वे क्वार्टरमधली, आमच्या सात पिढ्यांत कुणी दुकान टाकलेलं नाही. मला वाटलं, दुकान मोठं करतायत. एसटीडी बूथवर जाऊन आईला कळवलं, आणि आईने कॉलनीभर पेढे वाटले. दुकान बंद करा म्हणू नये, वाढवा म्हणावं, हे तुम्हीच मला पोट धरून हसत सांगितलंत. राजीवने ती गंमत जन्मभर पुरवून पुरवून खाल्ली. रोज आन्या झोपली की म्हणायचा, "चला सुलूबाई, दुकान वाढवा," की मी घरातले दिवे घालवायचे. आन्यासमोर नाही, तिच्यासमोर सगळं इंग्रजीत. तिला रविवारच्या मराठी शाळेत मीच शिकवलं, वाढव म्हणजे जास्त कर. फळ्यावर माझ्याच हाताने लिहिलं.

हॉस्पिटलमध्ये शेवटी डॉक्टरांनी विचारलं, मशीनवर ठेवलं तर थोडे दिवस अजून निघतील, काय करायचं? राजीव माझ्याकडे बघून मास्कमधून काहीतरी बोलला. डॉक्टर म्हणाले, काय म्हणतायत? मी म्हटलं, थांबवा म्हणतोय. आन्या पलंगाच्या पलीकडे उभी होती. "नो, आई. बाबा सेड वाढव. ही वॉन्ट्स मोअर." मी तिला दुकानाची गोष्ट सांगायला लागले, तिला वाटलं मी रचून सांगतेय. डॉक्टर पुन्हा त्याला विचारायला वाकले, तोवर त्याची शुद्ध हरपली होती. कागदावर निर्णयाचा हक्क माझ्या नावाने होता. माझं ऐकलं.

तेव्हापासून तिच्या लेखी मीच बाबांना घालवलं. तसं ती एकदाही म्हणालेली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

आणि खरं सांगू का, मला तरी कुठे खात्री आहे? घरी असताना ऑक्सिजन कमी पडला की तो मला म्हणायचा, "सुलू, वाढव," आणि मी बटण फिरवायची. दुकानाचं असलं की "वाढवा," असं मानाने, अण्णांच्या थाटात. सगळा फरक एका कान्याचा. मी वाढवा ऐकलं, आन्याने वाढव ऐकलं. तो काना त्याच्या श्वासात होता की मी माझ्या मनाने घातला, हे मला कळेनासं झालंय. मला त्याचे हाल बघवत नव्हते हो.

त्या खोलीत ऐकणारं तिसरं मराठी माणूस तुम्ही होतात. फोन स्पीकरवर टाकून मी त्याच्या उशीशी ठेवला होता, तुम्ही राजू राजू करत होतात. तो बोलला ते अगदी तुमच्या कानाशी. नंतर तुम्ही हा विषय काढला नाहीत, माझीही हिंमत झाली नाही. तुम्ही का गप्प आहात, या विचाराने मी अर्धी झालेय.

सल्ल्याचं म्हटलं ते निमित्त होतं. वॉरंटी मी सकाळीच घेऊन टाकली, पूर्ण घराची. फर्नेस जुनी झालीय, आणि आन्या डिसेंबरात चुकून आलीच तर तिची खोली गार नको.

तुम्ही एवढं करा. आन्याला फोन करा. मराठीतच बोला, सावकाश बोललं की तिला कळतं. तुम्हाला तो काना ऐकू आला असेल तर तिला दुकानाची गोष्ट सांगा, पेढ्यांसकट. नसेल आला, तर तेही तिलाच सांगा. माझी दया येऊन खोटं बोलू नका; तिच्या बाबांचा शेवटचा शब्द आहे तो, तिला खरा मिळू दे. मला काही कळवू नका. तिचा फोन आला किंवा नाही आला, त्यावरून समजेन मी.

चला, पत्र वाढवते आता. कुठल्या अर्थाने, ते तुम्हाला सांगायला नको.

तुमच्या राजूची
सुलू