खुडूक कोंबडी

पोलादपूर, १४ मार्च १९५८, दिवेलागण

नात सुमीचा ताप उतरेना. महाडच्या डॉक्टरांनी आज तिच्या कानामागचा काळा डाग पाहिला. म्हणाले, "ही गोचीड चावलीय. गुरं आहेत का घरात?" गुरं कुठली आपल्याकडे! मग ती आली कुठून?

घरी येताच सुमीच्या खाटेखाली वाकलो. तिथे आपली खुडूक कोंबडी परवापर्यंत पंधरा दिवस रिकाम्या टोपलीत बसून होती. भिंतीच्या फटीत नाचणीच्या दाण्यांएवढ्या गोचिडी. शेजारच्या सखूकडे अंडी होती, उबवायला कोंबडी नव्हती, म्हणून परवा मीच हौसेने ती टोपलीसकट नेऊन दिली. खुडूक कोंबडी अशीच घरोघर फिरते आपल्याकडे, त्यात कोण काय बघतो?

तसाच धावलो. सखू हसली. "दिलेली कोंबडी परत मागता, आण्णा? आता उठवली तर अंडी नासतील."

"नासू देत गो. टोपली कुठाय?"

"पाळण्याखाली. तिथं ऊब हाय."

पाळण्यात तिचं दीड महिन्याचं पोर. उचलून उजेडात धरलं. कानामागे नाचणीचा एक दाणा. दाण्याला पाय होते.