घरच्या देवाचं चित्र

भिलाई,
ता. ११ नोव्हेंबर १९६३

चि. शेषरावास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

टिकाराम मेश्राम आज शाळेत आले आणि आपली मुलगी यापुढे चित्रकलेच्या वर्गात बसणार नाही, असं सांगून गेले, म्हणून हे पत्र लिहिते आहे. हे खुशालीचं पत्र नव्हे. माझे गुडघे आणि तुझ्या बायकोचा खोकला पुढच्या पत्रात.

टिकाराम तुला आठवत असतील, पण तुझ्या आठवणीवर माझा भरवसा नाही. ते कारखान्यात लाकडी साचे करतात. रशियाहून यंत्रं ज्या पेट्यांतून येतात त्यांच्या फळ्या त्यांनी रीतसर परवानगी काढून आणल्या आणि दोन महिने पाळी संपल्यावर शाळेच्या व्हरांड्यात बसून चाळीस ड्रॉइंग बोर्ड रंधून दिले. पंचफुलाबाई, त्यांची बायको, बाभळीचा डिंक उकळून मुलांचे रंग बांधून देते. बाहेरचे चित्रकार वर्गात बोलवावेत ही सूचनाही पालक समितीत टिकारामांनीच मांडली. तू आठ दिवस शिकवायला आलास तो त्यांच्या आग्रहावरून. तुझा डबा पालकांच्या घरून आळीपाळीने येत होता. मेश्रामांकडचं भरीत तू दोनदा मागून घेतलंस.

मुलांना तू विषय दिलास, माझ्या घरचा देव. मी वर्गात मागे उभी होते. मला त्यात वावगं काही वाटलं नाही, हे आधीच लिहून ठेवते. त्यांच्या गुलाबने मरीमाय काढली. शेंदराचा दगड, कडुनिंबाचा डहाळा, आणि दगडाला पाठ टेकून बसलेली, पुढ्यातल्या भाकरीला हात न लावलेली म्हातारी. त्या चित्रावर तू अर्धा तास बोललास. पालकमेळाव्यात ते मी मधोमध लावलं, पहिला नंबर दिला आणि खाली तिचं नाव मोठ्या अक्षरात लिहिलं.

मेश्राम बौद्ध आहेत. सात वर्षांपूर्वी नागपूरला दीक्षा घेऊन परतल्यावर टिकारामांनी घरचे देव स्वतःच्या हातांनी वैनगंगेत सोडले. हे मला ठाऊक होतं. चित्र भिंतीवर लावताना मात्र डोक्यात आलं नाही. परवा ते त्या चित्रापुढे उभे राहिले आणि समितीतल्या भैय्याजींनी सगळ्यांदेखत विचारलं, का हो टिकारामजी, नदीतला देव पोहत पोहत भिलाईले आला का. चारजण हसले. टिकाराम वाकून सतरंज्या उचलू लागले, आणि सगळ्या उचलून झाल्यावर गेले.

आज म्हणाले, बाई, मले तुमचा राग नाही. पोरगी चांगली काढते, मले दिसते. पन मी जे सोडलं ते माह्याच पोरीनं आनून उभं केलं, लोकायनं पाह्यलं. तिले हेच कावून सुचलं, ते मले समजून नाही राहिलं.

मलाही समजलेलं नाही. तुमच्या चित्रशाळेच्या प्रवेशपरीक्षेला तिने बसावं असं तू म्हणालास, त्या दिवसापासून ही मुलगी शाळेचं फाटक उघडायच्या आधी येऊन उभी असे. आता वर्गावरून मान खाली घालून जाते. तू तिच्याशी काय बोलला होतास, ते नीट आठवून कळव.

मुलांना पापा. रागाने लिहिलं तरी माया कमी झाली असं समजू नकोस.

तुझी ताई,
अन्नपूर्णा

*

नागपूर,
ता. १६ नोव्हेंबर १९६३

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र उघडलं आणि हात आपोआप पुढे झाला, छडीसाठी. अजून खोड जात नाही बघ.

गुलाबशी विशेष काही बोलल्याचं आठवत नाही. जे घरचं असेल ते काढ, एवढंच मी प्रत्येक मुलाला सांगतो. टिकारामजींना वाईट वाटलं याचं मलाही वाईट वाटतं, पण ताई, चित्र चित्राच्या जागी आणि धर्म धर्माच्या जागी. ते समजदार गृहस्थ आहेत, चार दिवसांत निवळतील. छडी द्यायचीच तर त्या भैय्याजीला दे, माझ्या वाटणीची एक जास्त दे.

सोबत प्रवेशपरीक्षेचा अर्ज पाठवतो आहे. वडिलांची सही आणि मुलीची स्वतःची सही, दोन्ही लागतात. शेवटची तारीख पंधरा डिसेंबर. तिची मावशी इथेच नागपुरात इंदोऱ्याला राहते, तेव्हा राहण्याचा प्रश्न नाही. अशी मुलगी दहा वर्षांत एखादी भेटते. तू मनावर घेतलंस तर टिकारामजी नाही म्हणणार नाहीत. तुला नाही म्हणण्याची आपल्या वडिलांचीही टाप नव्हती.

सौ. चा खोकला बरा आहे. गुडघ्यांना तिळाचं तेल लाव आणि या भावावर आहे तो लोभ राहू दे.

तुझा,
शेषराव

*

भिलाई,
ता. २५ नोव्हेंबर १९६३

चि. शेषरावास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल मेश्रामांच्या क्वार्टरवर जाऊन आले. पंचफुलाबाईंनी चहा केला. गुलाब स्वयंपाकघरातून बाहेर येईना, तेव्हा मी आत जाऊन तिच्याजवळ पाटावर बसले. माझ्याने असं बसवत नाही हे तिला माहीत आहे. म्हणूनच बोलली असेल.

विषय दिलास त्या दिवशी तिने गेरू आणि छुहीची पांढरी माती घेऊन बुद्धाचं चित्र काढलं आणि तुझ्यापुढे धरलं. तू म्हणालास, हे तर कॅलेंडरवरचं झालं, यात तुझं काय आहे? ती म्हणाली, सर, आमच्या घरी हेच हाय. तू विचारलंस, याच्या आधी काय होतं? आजीकडे काय होतं? ते काढ, ते खरं.

शेषराव, असं तू म्हणालास की नाही?

देव सोडले तेव्हा ती आठ वर्षांची होती. त्या दिवशी आजी जेवली नाही, एवढं तिच्या लक्षात होतं. तेच तिने काढलं. तिला वाटलं, पाहुणे सर नागपूरचे, मोठे, ते सांगतात तर हेच बरोबर. आणि नाही काढलं तर परीक्षेचं राहून जाईल. घरी तिने मुद्दाम सांगितलं नाही. मेळाव्यात पहिला नंबर दाखवून बापाला चकित करायचं होतं.

जे घरचं असेल ते काढ असं सांगतो, असं तू मला लिहिलंस. तिने घरचंच काढलं होतं. तुला जुनं हवं होतं. तुला ते सुंदर वाटलं, मलाही वाटलं, आणि त्या सुंदरपणापायी त्या माणसाने काय टाकून दिलं आणि का टाकून दिलं, हे विचारायचं आपण दोघंही विसरलो. तू आठ दिवसांचा पाहुणा होतास. मी पाच वर्षं त्या घरचा डिंक वापरते आहे.

टिकाराम दारात उभे राहून सगळं ऐकत होते. मी विषय काढायच्या आधीच त्यांनी अर्ज मागितला, खिडकीशी नेऊन दोनदा वाचला आणि सही केली. म्हणाले, पोरीची चूक नाही बाई. जाऊ द्या तिले नागपूरले. मग गुलाबला म्हणाले, बाबावर रुसू नोको, सही कर. गुलाबने अर्जाकडे पाहिलं नाही. तिला मी वेळ देते आहे. अजून वीस दिवस आहेत.

पत्राचं उत्तर लगेच दे. थट्टा नको.

ताई

*

नागपूर,
ता. ३० नोव्हेंबर १९६३

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हो, म्हणालो. शब्द न् शब्द तेच.

पहिल्या पत्रात लपवलं असं समजू नकोस. मला खरोखरच आठवलं नव्हतं. दरवर्षी दहाबारा शाळांतून फिरतो आणि मुलांना हेच सांगतो. जुनं काढ, आजीचं काढ, ते खरं. आजवर एकाही मुलाने मला उलट विचारलं नाही. आपल्या घरच्या देव्हाऱ्याला कुणी कधी हात लावायची वेळ आली नाही, त्यामुळे दुसऱ्याला ती का आली असेल हे मला कधी शोधावं लागलं नाही. ती पोरगी हेच हाय म्हणाली तेव्हा मी तिच्याकडे पाहतसुद्धा नव्हतो, ताई. पुढच्या मुलाचा कागद हातात घेतला होता.

मी येतो. वर्गासमोर, समितीसमोर, त्या भैय्याजीसमोर सांगतो की चूक माझी. टिकारामजींसाठी वेगळं पत्र सोबत आहे, ते त्यांना दे. गुलाबला सांग, तिचं पहिलं चित्र मला पुन्हा बघायचं आहे.

माझ्यावर रागावलीस तर रागाव. बोलणं बंद करू नकोस.

शेषराव

*

भिलाई,
ता. १६ डिसेंबर १९६३

चि. शेषरावास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

येऊ नकोस. काल तारीख गेली.

तुझं पत्र टिकारामांनी माझ्यासमोर वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि भावाले सांगा, पावलं, एवढं म्हणाले. भैय्याजींनी माफी मागितली, तीही घरी जाऊन. गुलाबचं पहिलं चित्र मात्र तुला दिसणार नाही. ते तिने त्याच दिवशी चुलीत घातलं होतं, तू नको म्हणालास म्हणून.

गेल्या रविवारी टिकारामांनी घरी तिच्यापुढे कागद ठेवला, गेरू भिजवला आणि शेजारी बसून राहिले. पोरी, मलेच काढ, म्हणाले, असा बसतो, हलत नाही. तिने पट्टीने चौकट आखली. बराच वेळ कागदाकडे बघितलं. मग पेन्सिल ठेवली आणि म्हणाली, बाबा, काढाले घेतलं का मले त्या लोकायचं हसू आयकू येते. हे मला त्यांनी फाटकाशी उभं राहून सांगितलं. साच्यात चूक राहिली तर लोखंड वितळवून आम्ही परत ओततो बाई, म्हणाले. मी त्यांना आत येऊन बसा म्हटलं. ते सायकल धरून तसेच उभे राहिले.

मी शेवटपर्यंत प्रयत्न केला. समजावलं, रागावले, आणि परवा तर विनवलं. वीस वर्षांत मी विद्यार्थ्याला विनवलं नव्हतं. ती म्हणाली, बाई, तुमचं मन मोडून राहिली मी, माफ करजा. मी तिला काय माफ करणार!

वर्ग चालू आहे. जानेवारीत रायपूरचे एक मूर्तिकार येतील, त्यांना नाही म्हटलेलं नाही. पाहुण्याने द्यायचा विषय आधी पालकांना दाखवायचा, असा ठराव समितीने केला. तो टिकारामांनीच मांडला, आणि ज्या वर्गात त्यांची मुलगी नाही त्याचे मोडके बोर्ड दुरुस्तीला घरी नेले. नव्या वर्षापासून गुलाब शिवणाच्या तासाला बसेल. तिथेही ती नीटच काम करील. तेच मला सोसत नाही.

तू पुढच्या शाळेत जाशील तेव्हा काय सांगायचं ते तुझं तू ठरव. मला कळवायची गरज नाही. घरची खुशाली मात्र कळवत जा. तुझ्यावाचून मला आहे कोण?

तुझी ताई,
अन्नपूर्णा

ता. क. गुलाब स्वतः येईना, म्हणून तिच्या आईकडे सामान दिलं. शाळेच्या वहीतली नोंद तुझ्यासाठी उतरवते.

ता. १६ डिसेंबर. पंचफुला टिकाराम मेश्राम यांच्या ताब्यात दिलं: चित्रं एकतीस. त्यांपैकी मरीमायचं एक, मुलीने फाडा म्हटलं होतं, वडिलांच्या सांगण्यावरून घडी न घालता गुंडाळून. ब्रश तीन. शाईची दौत, अर्धी भरलेली. प्रवेशपरीक्षेचा अर्ज एक, वडिलांच्या सहीसह, विद्यार्थिनीच्या सहीची जागा कोरी.