फुलांचा पाद्रिनो

१९ जुलै
आज जेवताना मोठी घोषणा केली. आमची मारिबेल सप्टेंबरात कोपऱ्यावर खानावळ उघडतेय. उद्घाटनाचे पाद्रिनो ठरवायचे होते, म्हणजे कोणी कशाचा भार मानाने उचलायचा ते. मेव्हण्याने केक घेतला, चुलतभावाने बँड. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. बंदराच्या ऑफिसातून रिटायर झालेल्या माणसाकडे असं बघू नये. उभा राहिलो आणि म्हणालो, फुलांचा पाद्रिनो मी. ताटात घालून खायची फुलं, माझ्या गच्चीवरची, माझ्या हातची. टाळ्या पडल्या. मारिबेल म्हणाली, पपा, जे उगवेल ते आणा, मी वापरीन. पोर बोलायला गोड आहे.

२१ जुलै
नॅस्टर्शियमचं बी आणलं. पाकीट परदेशी. इथे लिमात त्याला मास्तुएर्सो म्हणतात आणि ते गटाराकाठी माजतं. ते वेगळं. शेजारच्या दोन्या, म्हणजे बाई, फिलोमेनाने तेलाच्या गंजक्या डब्यांत तेच लावलंय. मागच्या वर्षी ते आमच्या भिंतीवर लोंबायला लागलं, तेव्हा मी भांडून कापायला लावलं. तेव्हापासून बोलणं बंद. डोक्याला ताप नाही.

२ ऑगस्ट
कोंब आले. संकल्प: रोज पहाटे उठून पाणी घालणे. कुंड्यांत मूठ मूठ ग्वानो टाकलं. बेटांवरच्या समुद्रपक्ष्यांची विष्ठा. एके काळी अख्खा पेरू देश या खतावर चालला. बायको म्हणाली, तेओ, घरभर घाण वास सुटलाय. म्हटलं, सोइला, हा इतिहासाचा वास आहे. ती खिडक्या उघडायला गेली.

३ ऑगस्ट
उशिरा उठलो. धुकं होतं. धुक्यात झाडांना पाणी लागत नाही.

२० ऑगस्ट
पानं बशीएवढी. फुलं नाहीत. मेव्हणा गच्चीवर येऊन म्हणाला, फार खाऊ घातलंस वाटतं. केक विकत आणणाऱ्याने बागकामावर बोलू नये. आणखी ग्वानो टाकलं.

५ सप्टेंबर
पानं ताटलीएवढी. फुलं नाहीत. दोन्या फिलोमेना डब्यांकडे ढुंकून बघत नाही आणि तिची भिंत केशरी झालीय. मी तिकडे बघत नाही. तरी दिसतं.

९ सप्टेंबर
मारिबेलचा फोन. कसं चाललंय, पपा? म्हटलं, झकास. बघायला येऊ? म्हटलं, सरप्राइज आहे. म्हणाली, मेनूवर तुमचं नाव छापायला दिलंय. मी फोन ठेवला. लाइन खराब होती.

१७ सप्टेंबर
कळी!

१९ सप्टेंबर
कळी नव्हती. कोवळं पान होतं.

२२ सप्टेंबर
मारिबेल उद्या गच्चीवर येणारच म्हणते. सगळी झाडं उपटली, पोत्यांत कोंबली आणि कचऱ्याच्या गाडीत दिली. सोइलाने विचारलं, हे काय? म्हटलं, कीड लागली. म्हणाली, मला तर दिसली नाही. म्हटलं, बारीक असते, आणि मारिबेलला सांगायचं नाही, शपथ आहे. दुपारी मारिबेलचा निरोप आला, कामामुळे उद्या जमत नाही.

२६ सप्टेंबर, सकाळी
आज उद्घाटन. दोन्या फिलोमेना चर्चला गेली की भिंतीवरून हात घालायचा असं ठरवलं होतं. घातला. डबा भरला. आमच्याच बाजूला लोंबली असती, मीच कापायला लावली, म्हणजे एका अर्थी माझीच. हे लिहून झाल्यावर वाचलं. मला फार लाज वाटतेय.

२७ सप्टेंबर
काल झालं ते असं. खानावळीच्या दारात डबा मारिबेलच्या हातात दिला. तेवढ्यात दोन्या फिलोमेना रिकामी टोपली घेऊन आली. म्हणाली, पोरी, माफ कर गं, तुझ्यासाठी राखून ठेवलेली सगळी फुलं सकाळी कोणीतरी ओरबाडून नेली. मारिबेलने तिला महिन्यापूर्वीच सांगून ठेवलं होतं. माझ्या कुंड्यांत फुलं नाहीत हे सोइलाने मारिबेलला तेव्हाच कळवलं होतं.

मारिबेलने डबा उघडला, पाहिला, झाकण लावलं. म्हणाली, फुलं आलीत, दोन्या. म्हातारीने डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मला नमस्कार करून आत गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग मारिबेलने मला बाजूला घेतलं. पपा, पानं कुठे ठेवलीत? म्हटलं, कसली पानं? अहो, ती ताटलीएवढी, आई सांगत होती ती. फुलांसारखीच खातात ती, तिखटसर लागतात. कुस्करलेल्या बटाट्याचा काउसा मला त्यावरच वाढायचाय. तिने मेनू दाखवला. पहिल्याच ओळीत होतं, काउसा, तेओफिलोच्या पानावर.

म्हटलं, कीड लागली.

ती बरं म्हणाली, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि पानांच्या जागी काचेच्या बशा काढायला गेली.